काठावरच्या कणाची भीती

एका प्रयोगशाळेतल्या प्रचंड चुंबकात एकदा काचेच्या नळीतून एका गावच्या विहिरीचं पाणी आलं. त्यात थोडं विषही होतं. चुंबकात प्रत्येक कण आपापल्या सुरात भोवऱ्यासारखा फिरे, आणि रेडिओलहरीने वळवलं की आपलं नाव सांगे.

लहर धाडकन येई. मधल्या सुरातले पाण्याचे कण वळत. सुरांच्या पट्टीच्या अगदी काठावरचे विषाचे कण जेमतेम हलत.

"माझं नाव कळलं नाही, तर हे पाणी चांगलं ठरेल," एक विषकण थरथरत म्हणाला. "लेकरं मला पितील गं!"

"आणखी जोरात येऊ?" लहरीने विचारलं.

"नको, मधले भेलकांडतील. हळूहळू चढत ये, ओसरत जा. वेळ घे."

"पाणी तपासणाऱ्या शैलजाबाई घडवतील तशीच मी येणार," लहर हताशपणे म्हणाली.

शैलजाबाई अहवालावर सही करणार, तोच कणांची नावं उमटणाऱ्या आलेखाच्या काठाशी त्यांना पुसट थरथर दिसली. पेन ठेवून त्यांनी लहरीला नवा, चढता-उतरता आकार दिला.

या वेळी सगळे कण वळले. विषाने नाव सांगितलं.

शैलजाबाईंनी लगेच गावात फोन लावला. "सरपंच, विहिरीचं पाणी कुणालाही पिऊ देऊ नका!"

पलीकडे कुणीतरी घाईने तांब्या खाली ठेवला.