राजाचं डोकं धरणारं घराणं

एकदा काय झालं, सकाळ झाली पण उजेडच आला नाही. समुद्रावरून धुकं आलं. साधंसुधं नव्हे, बरं का. भिजलेल्या घोंगडीसारखं जड धुकं. ते शेतावर बसलं, झाडांवर बसलं, घरांच्या धुराड्यांवर बसलं. वारा पडलेला. पान हलेना. कोंबडे आरवायचे विसरले. मेंढ्या एकमेकींना चिकटून उभ्या, आणि त्यांच्या लोकरीतून पाणी ठिबकतंय, टप् टप्.

अशा सकाळी थॉर्नमेअरच्या गढीसमोर राजाचा स्वार येऊन उभा राहिला.

हे थॉर्नमेअर कुठलं? तर विलायतेतलं. पार समुद्रापलीकडच्या बेटावरचं. आणि गोष्ट फार जुन्या काळातली. माणसं लोखंडाचे अंगरखे घालून घोड्यावर बसायची तेव्हाची. आपल्याकडे सरदार, तसे तिकडे बॅरन. राजा त्यांना जमीन द्यायचा आणि त्यांच्याकडून चाकरी घ्यायचा. कुणी राजाची ढाल वाहायचा. कुणी राजाच्या ताटातला पहिला घास खाऊन बघायचा. कुणी ससाणे सांभाळायचा. बापाची चाकरी मुलाकडे, मुलाची नातवाकडे.

थॉर्नमेअर घराण्याची चाकरी मात्र सगळ्यांहून वेगळी. राजा समुद्र ओलांडायला निघाला की त्याला बोट लागायची. पोटात ढवळायचं, डोकं गरगरायचं. मग थॉर्नमेअरच्या कर्त्या पुरुषाने बोटीत बसायचं आणि राजाचं डोकं मांडीवर धरायचं. बस्, एवढंच. एवढ्यासाठी ती गढी, ती शेतं, त्या मेंढ्या.

हसू नका. पुढे ऐका.

त्या समुद्राच्या मध्यावर एक जागा होती. तिथे पाणी काळं. बोट तिथे आली की वारा मरायचा, लाटा मरायच्या, आणि खालून कुणीतरी विचारायचं, “राजाचं डोकं कोणाच्या मांडीवर?”

कोण विचारायचं? कुणी पाहिलेलं नाही. खलाशी तिला नुसतं ‘खालची’ म्हणायचे, तेही हळूच. घराण्याचा मूळपुरुष फुल्क, त्याने या खालचीला शब्द दिला होता. माझ्या वंशाचा माणूस राजाचं डोकं धरून बसेल. तू विचारलंस की आपली पिढी न् पिढी खरी सांगेल. मग तू बोट सोडायची. खालची कबूल झाली. पुष्कळ वर्षं असंच चाललं. राजे जायचे, राजे यायचे.

मग पाळी आली हॅमोची.

हॅमो तरुण होता. बोट काळ्या पाण्यात आली. खालचीने विचारलं. आणि हॅमोची दातखीळ बसली! तोंड उघडेचना. तिने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा विचारलं. हॅमो नुसता थरथर कापतोय. मग पाणी वर आलं आणि बोटीच्या कडेला बसलेल्या राजपुत्राला घेऊन खाली गेलं.

राजा रडला, मग चिडला. त्याने हॅमोची सरदारकीची ढाल फोडली आणि दवंडी पिटवली. हॅमोचं नाव कुणी घ्यायचं नाही. राजाच्या कानावर ते नाव गेलं तर घेणाऱ्याची जीभ छाटायची. घरच्यांनी हॅमोला गढीबाहेर काढलं. त्याने खंदकापलीकडे एक खोपटं बांधलं आणि मधमाश्या पाळून राहिला. त्याच्या स्वतःच्या मुलाने, रॉल्फने, मध्ये काटेरी कुंपण घातलं. आणि घरात कुणी त्याला बाप म्हणेना, आजोबा म्हणेना. शेजारी म्हणायचे. ‘तो शेजारी.’ बस्.

पुढे नव्या राजाबरोबर रॉल्फ बोटीत बसला. बोट परत आली, रॉल्फ आला नाही. मग त्याचा थोरला मुलगा ॲलन बसला. बोट परत आली, ॲलनही आला नाही. काय झालं, कुणी सांगेना. सांगणार कसे? त्या जागी खलाशी कानात लोकर कोंबून डोळे मिटून बसत. राजा उलट्यांनी अर्धमेला, त्याला कसली शुद्ध?

उरला धाकटा मुलगा, ऑस्बर्न. स्वभावाने मऊ. नासपतीची कलमं बांधणारा, मेंढ्यांच्या पायातले काटे काढणारा. पाण्याला इतका भ्यायचा की ओढा लागला तर लांबून वळसा घालायचा. आणि त्या धुक्याच्या सकाळी राजाचा स्वार त्यालाच न्यायला आला होता. राजाच्या मुलीचं लग्न होतं पैलतीरावर. राजा त्याच दिवशी निघणार होता.

नाही म्हटलं तर? गढी गेली, डोकं गेलं. हो म्हटलं तर काळं पाणी. आणि ऑस्बर्नच्या मागे पाळी कुणाची? त्याच्या मुलाची. आणि मुलगा तर पाळण्यात, मूठ चोखत पडलेला.

ऑस्बर्नची आत्या होती, इडोनी नावाची. कडक बाई. तिने त्याला शेकोटीपाशी उभं केलं. “म्हण.”

ऑस्बर्न म्हणू लागला, “मी ऑस्बर्न, रॉल्फचा मुलगा. रॉल्फ, गायल्सचा नातू. गायल्स, ड्रोगोचा मुलगा. ड्रोगो, फुल्कचा मुलगा.”

“मांजरीच्या पिल्लासारखा काय बोलतोस? तुझ्या बापाचा आवाज लहान पडला, म्हणून तो गेला.”

“आणि ॲलन, आत्या? त्याच्या आवाजाने तर कावळे उडायचे.”

“तो घाईत बोलला असेल. म्हण पुन्हा.”

ऑस्बर्न पुन्हा म्हणाला. मग थांबला. “आत्या, सगळे मुलगे आहेत. रॉल्फच तेवढा नातू का गं? मधला...”

आत्याने त्याच्या तोंडावर हातच दाबला. “जीभ नकोशी झालीय का तुला?” ती पुटपुटली. “स्वार दारात उभाय.” आणि मग तिने त्याच्या अंगरख्याची बटणं लावून दिली, लहान मुलाला लावतात तशी.

ऑस्बर्न निघाला. कुंपणाच्या पलीकडे धुक्यात शेजारी उभा होता. पांढरा, वाळलेला, काठीवर ओणवा. त्याने हात वर केला. ओठ हलले. पण स्वाराने घोड्याला टाच मारली आणि धुक्याने म्हाताऱ्याला पुसून टाकलं.

बंदरात राजाची बोट तयार होती. राजा म्हणजे दाढीवाला, धिप्पाड माणूस. त्याने ऑस्बर्नकडे खालून वर पाहिलं. “हा उरलाय होय? मांडीवर मांस तरी आहे का याच्या?”

खलाशी हसले नाहीत. ते आत्ताच लोकर चाचपून बघत होते.

बोट निघाली. किनारा गेला. धुकं वर, धुकं खाली. राजाला बोट लागली आणि तो ऑस्बर्नच्या मांडीवर डोकं टाकून कण्हू लागला. ऑस्बर्नने दोन्ही हातांनी ते डोकं धरलं. घामाने ओलं, जड, गरम डोकं. ऑस्बर्नला वाटलं, अरे, हे तर कुठल्याही आजारी माणसाचं डोकं आहे.

मग वल्ह्यांचा आवाज थांबला. खलाशांच्या म्होरक्याने, तांडेलाने, कानात लोकर कोंबली, डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले. बोट आपोआप पुढे सरकली आणि उभी राहिली. पाणी बघाल तर डांबरासारखं. लाट नाही, बुडबुडा नाही. आणि मग खालून, बोटीच्या अगदी तळातून, आवाज आला. मोठा नव्हता, बरं का. झोपेतून उठवताना आई बोलते ना, तेवढाच. म्हणून तर जास्त भीती वाटली.

“राजाचं डोकं कोणाच्या मांडीवर?”

ऑस्बर्न म्हणाला, “मी ऑस्बर्न, रॉल्फचा मुलगा. रॉल्फ, गायल्सचा नातू. गायल्स, ड्रोगोचा मुलगा. ड्रोगो, फुल्कचा मुलगा.”

“खोटं,” खालची म्हणाली.

बोटीचा तळ कुरकुरला. बोटीच्या कडेवर काहीतरी आलं. पाण्याचीच बोटं होती ती, लांब, काळी. एकेक करून कडेवर टेकली.

“तुझ्या बापानेही हेच सांगितलं. तुझ्या भावानेही. या जिन्याला एक पायरी कमी आहे. पुन्हा सांग. कोणाच्या मांडीवर?”

आता ऑस्बर्नला कळलं. बाप का गेला, भाऊ का गेला, सगळं कळलं. आवाज लहान पडला नव्हता. आपल्या घरच्यांनी आपला एक माणूस गाळला होता, आणि गाळलेली जागा दिसू नये म्हणून ‘नातू’ म्हणून ठेवलं होतं.

नाव ठाऊक होतं, चोरून कुजबुजलेलं. पण घ्यायचं कसं? राजाचं डोकं मांडीवर! त्याने मान खाली घालून पाहिलं. तेवढ्यात बोट कलली, गार पाणी राजाच्या तोंडावर उडालं आणि राजाचे डोळे टक्क उघडले. नाव घेतलं तर वरून सुरी. नाही घेतलं तर खालून ती. आणि मग पाळण्यातलं ते पोर.

“रॉल्फ,” ऑस्बर्न म्हणाला. “रॉल्फ, हॅमोचा मुलगा. हॅमो, गायल्सचा मुलगा.”

राजा ताठ झाला. त्याचा हात कमरेच्या सुरीवर गेला.

खालून आवाज आला, “हॅमोने काय केलं?”

“तो घाबरला. त्याचं तोंड उघडलं नाही. त्यापायी राजाचा मुलगा गेला.”

“आणि तू?”

“मीही घाबरलोय,” ऑस्बर्न म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “माझे गुडघे बघ कसे उडताहेत. राजाचं डोकं हलतंय त्यांच्यावर. पण धरलंय. सोडलं नाही.”

पाण्याचं एक बोट कडेवरून सुटलं. मग दुसरं. मग सगळी. “पिढी पुरी झाली,” खालची म्हणाली, आणि पाण्यावर वाऱ्याची पहिली सुरकुती उठली. तांडेलाने एक डोळा उघडून पाहिलं आणि वल्हं उचललं.

राजाची मूठ अजून सुरीवरच होती. बुडालेला राजपुत्र त्याचा थोरला भाऊ होता. राजाने ऑस्बर्नकडे पाहिलं. खालून पाहिलं, कारण डोकं मांडीवरच होतं. ऑस्बर्नची हनुवटी कापत होती, पण हात ढळले नव्हते. मग हळूच त्याने मूठ सोडली.

“मघाशी पाणी उडालं ना,” राजा म्हणाला, “ते माझ्या कानात गेलं. मला काही ऐकू आलं नाही.”

“होय, महाराज.”

“आणि डोकं नीट धर. अजून पोहोचलो नाही आपण.”

मग लग्न झालं. वाजतगाजत झालं. परत येताना काळं पाणी लागलं तेव्हा राजा स्वतःच म्हणाला, “सांग बाबा. सगळी सांग. आज माझे कान साफ आहेत.” ऑस्बर्नने सगळी पिढी सांगितली, हॅमोसकट. खालचीने वाट दिली. बंदरात उतरल्यावर राजाने ती जुनी दवंडी मोडून काढली.

ऑस्बर्न घरी आला तेव्हा दिवस कलला होता. आत्या दारात उभी. “आलास?” म्हणाली, आणि त्याचे दंड, खांदे, गाल चाचपू लागली. खराच आहे ना, बघत होती.

“आत्या, मी त्यांचं नाव घेतलं. राजासमोर घेतलं.”

आत्या मटकन पायरीवर बसली. इतकी कडक बाई, पण तिचं तोंड वेडंवाकडं झालं. हॅमोचीच लेक ना ती. “बाबा,” ती म्हणाली. किती वर्षांनी म्हणाली. मग डोळे पुसून ऑस्बर्नवरच खेकसली, “बघतोस काय मेल्या? कुऱ्हाड घे. तोड ते कुंपण!”

ऑस्बर्नने कुंपण तोडलं. हात काट्यांनी फाटले, पण वाट झाली. पुढे त्या वाटेने पाळण्यातलं पोर रांगत जाऊ लागलं आणि मध खाऊन चिकट होऊन परत येऊ लागलं. आत्या रोज म्हाताऱ्याला जेवायला बोलवायची आणि रोज त्याच्याशी भांडायची. रॉल्फ आणि ॲलन परत आले का? नाही रे बाळांनो. त्या पाण्याने घेतलेलं दिलं नाही. पण पुन्हा त्या घरातलं कुणी घेतलंही नाही. सगळे सुखाने राहिले.

आता पांघरूण वर घ्या. डोळे मिटा. मिटल्या डोळ्यांनी एवढंच ऐका. त्या संध्याकाळी कुंपण तुटल्यावर पहिल्यांदाच ऑस्बर्न त्या खोपटात शिरला. समुद्राचं पाणी अजून त्याच्या कपड्यांत होतं, आणि अंगातली थरथर काही केल्या थांबत नव्हती. म्हाताऱ्याने त्याला विस्तवापाशी बसवलं. काय झालं ते विचारलं नाही. थोरात थोर सरदाराने राजाचं धरावं, तसं त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, आणि तो शेजारी त्याला म्हणाला,

“काप, बाळा, हवं तेवढं काप. मी धरलंय. आता झोप.”