फळीवरची पोलेंता

"…आणि जीभ जिंकली तरी मन का भरत नाही, एवढंच मला विचारायचंय, फादर."

फादर दुमिंग घोन्साल्विस मठाच्या अंगणात जळाऊ लाकडं रचत होते. हातातलं लाकूड त्यांनी नीट बसवलं आणि तपकिरी झग्याला हात पुसले.

"भूक लागलीय का?"

"मला भूक लागत नाही," श्रीरंग आगाशे म्हणाले. म्हणताना त्यांची मान किंचित ताठ झाली.

"आणि बाईंना?"

श्रीरंगरावांनी वळून पाहिलं. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई मागे पायरीवर शाल लपेटून उन्हाला बसल्या होत्या. बायकोला भूक लागलीय की नाही, हे काही श्रीरंगरावांना सांगता येईना.

"मला केव्हाची लागलीय," बाईच म्हणाल्या.

"मग चला," फादर म्हणाले. "रोझीनाकडे आज रविवारचं जेवण आहे."

"पण माझा प्रश्न…"

फादर फाटकाबाहेर पडलेसुद्धा होते.

फादर मूळचे वसईचे. तरुणपणी इटलीत शिकायला आले आणि अब्रुत्सोच्या डोंगरातल्या या लहानशा मठात राहिले ते कायमचेच. मराठी मात्र जिभेवर होती तशीच होती. अडलेले प्रश्न घेऊन लांबलांबची माणसं त्यांच्याकडे येत. शिष्य मात्र ते कुणाला करून घेत नसत. म्हणूनच तर श्रीरंगरावांनी त्यांना निवडलं होतं. सहजासहजी मिळेल असा गुरू त्यांना नकोच होता.

साताऱ्यात श्रीरंगराव आहारसंयमावर व्याख्यानं देत. जेवण दिवसातून एकदाच, तेही अळणी. स्वतःची लाकडी वाटी, बंद खोली आणि भिंतीकडे तोंड. अन्नाची आणि आपली गाठ एकांतात पडायला हवी, असं ते सांगत, आणि सभागृहात टाळ्या पडत.

मंदाकिनीबाई त्यांच्यापुरतं अळणी शिजवून खोलीच्या दाराशी ठेवत, आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या स्वतःचं उरकून घेत. कित्येक वर्षं असंच चाललं होतं. घरात भांडण म्हणून कधी झालं नाही. बोलणंही फारसं झालं नाही.

फोनवर फादर एवढंच म्हणाले होते, "रविवारी या. दुपारचं या. दोघंही या."

रोझीनाचं घर उतारावर होतं. धुराड्यातून धूर निघत होता आणि टोमॅटोचा, लसणाचा, जळत्या लाकडाचा असा एकत्र वास बाहेरच्या थंडीत पसरला होता. आत लांबलचक टेबल. टेबलावर घासून पांढरी पडलेली, टेबलाएवढीच मोठी लाकडी फळी. भोवती शेजारपाजारची दहाबारा माणसं.

ताट एकही नव्हतं. नुसते काटे ठेवलेले.

"ताटं मांडायचीत का? मी मदत करते," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"ताटं नसतात," फादर म्हणाले. "ही फळी हेच सगळ्यांचं ताट."

रोझीना म्हणजे सत्तरीची, दणकट बांध्याची बाई. चुलीवरच्या तांब्याच्या हंड्यात मक्याचं पीठ ती सकाळपासून घोटत होती. दोघा माणसांनी हंडा उचलला आणि पिवळंधमक, वाफाळतं पीठ थेट फळीवर ओतलं. रोझीनाने पळीने ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं केलं. ही पोलेंता. तिच्यावर टोमॅटोचा आणि घेवड्याच्या दाण्यांचा लालभडक रस्सा. पाहुणे शाकाहारी म्हणून आज त्यात डुकराचं मांस नव्हतं. उगो नावाचा म्हातारा धनगर त्यावरून जरा नाराज होता.

श्रीरंगरावांनी पिशवीतून आपली लाकडी वाटी काढली.

"माझ्यापुरतं यात द्यायला सांगा, फादर. रस्सा नको. आणि मी बाहेर अंगणात बसेन."

रोझीना पळी हातात धरून बघत राहिली.

फादरनी वाटी घेतली. उलटसुलट करून पाहिली.

"चांगली आहे. कुठलं लाकूड?"

"शिसव."

फादरनी ती रोझीनाकडे दिली आणि तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं. रोझीनाचा चेहरा खुलला. तिने मेंढीच्या दुधाचं किसलेलं चीज वाटीत शिगोशीग भरलं आणि वाटी टेबलावर फिरवायला दिली. ज्या वाटीला श्रीरंगरावांनी दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता, ती आता हातोहात चालली होती. माणसं तिच्यात बोटं घालून चीज उचलत होती, पोलेंतेवर भुरभुरवत होती. उगोने तर बोटंही चाटली.

श्रीरंगरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण परक्या घरात, परक्या माणसांत… फादरनी ओढून दिलेल्या खुर्चीवर श्रीरंगराव बसले. डावीकडे उगो, उजवीकडे मंदाकिनीबाई.

"रिवाज साधा आहे," फादर समोर बसत म्हणाले. "आपल्यापुढच्या काठापासून सुरुवात करायची आणि आत सरकत जायचं. तुमच्यापुढचं तुमचं."

"मी नाही खाल्लं तर?"

"तर तिथंच राहील."

सगळ्यांच्या शेवटी रोझीना हात पुसून बसली. ती बसेपर्यंत कुणी काट्याला हात लावला नव्हता. मग सगळे एका सुरात काहीतरी म्हणाले आणि जेवायला लागले.

श्रीरंगरावांनी हाताची घडी घातली.

मंदाकिनीबाईंनी पहिला घास घेतला. डोळे मिटले.

"अहो, या तर मक्याच्या कण्या," त्या म्हणाल्या. "आमच्या माहेरी अशाच शिजवायचे. वर ताक घ्यायचो आम्ही."

फादरनी ते रोझीनाला सांगितलं. तिने काहीतरी विचारलं. ताक म्हणजे काय, ते मंदाकिनीबाईंनी दोन्ही हातांनी रवी घुसळून दाखवलं. रोझीना खो खो हसली. तीही हातांनी घुसळू लागली. मग दोघींचं हातवाऱ्यांनी बोलणं सुरू झालं. कांदा केवढा, आच किती, ढवळणाऱ्याचा खांदा कसा दुखतो…

श्रीरंगराव बघत होते. ही हसते तेव्हा हिच्या गालाला खळी पडते, हे ते विसरून गेले होते.

फळीवरचा पिवळा पसारा हळूहळू आत सरकत होता. काठाकाठाने लाकूड उघडं पडत होतं. श्रीरंगरावांपुढे तेवढी पोलेंता तशीच होती, समुद्रात घुसलेल्या जमिनीसारखी.

डावीकडून उगो आत शिरला होता. स्वतःचं संपवून त्याने श्रीरंगरावांच्या बाजूला काटा मारला, एक डोळा मिचकावला आणि आणखी एकदा मारला. कडा वेडीवाकडी, खाल्लेली, रस्सा ओघळलेली. साऱ्या टेबलावर हेच चाललं होतं. कुणाचं कुठे संपतं आणि कुणाचं कुठे सुरू होतं, ते आता कुणालाच सांगता आलं नसतं.

मग त्यांनी उजवीकडे पाहिलं.

तिथे कडा सरळ होती. पट्टी लावून कापावी तशी. मंदाकिनीबाई आपल्यापुढचं चाटूनपुसून खात त्या रेषेपर्यंत आल्या होत्या आणि तिथेच थांबल्या होत्या. एक कणसुद्धा पलीकडचा घेतलेला नव्हता. काटा खाली ठेवला होता. हात मांडीवर.

श्रीरंगराव त्या रेषेकडे बराच वेळ बघत राहिले.

"झालं जेवण?" त्यांनी विचारलं.

"पुढचं तुमचं आहे."

"पोट भरलं का, ते विचारतोय."

बाई हळूच म्हणाल्या, "नाही. भूक आहे अजून."

"मग घे ना यातलं."

"आत्तापर्यंत कधी घेतलं नाही…"

त्यांनी ते सहज सांगितलं. तक्रार नव्हती त्यात. तक्रार असती तर श्रीरंगरावांना उत्तर देता आलं असतं. संयमाबद्दल, एकांताबद्दल त्यांच्याकडे पुष्कळ उत्तरं होती.

त्यांनी काटा उचलला. काठ सोडून त्यांनी बरोब्बर त्या सरळ रेषेवर काटा घातला. कडा ढासळली. रस्सा वाट मिळाल्यासारखा बाईंच्या बाजूला वाहिला.

घास तोंडात गेला. मीठ. टोमॅटोचा आंबटपणा, लसूण, मेंढीच्या चीजचा उग्र वास आणि या सगळ्याच्या खाली मक्याचा सावकाश येणारा गोडवा. जबड्यांच्या कोपऱ्यांत कळ आली. डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट लागलं का?" बाईंनी घाबरून विचारलं.

"नाही. गार झालंय थोडं," श्रीरंगराव म्हणाले. "तू घे."

बाईंनी काटा उचलला. दोघं दोन बाजूंनी खाऊ लागले. एकदा काट्याला काटा लागला. बाई चटकन मागे सरल्या, तेव्हा श्रीरंगरावांनी तो घास आपल्या काट्याने त्यांच्याकडे सरकवला. उगोने ते पाहिलं आणि टेबलावर थाप मारली. रोझीनाने त्याला डोळ्यांनीच दटावलं.

थोड्या वेळाने तिथे नुसतं ओलं लाकूड उरलं. रोझीनाने पाव तोडून सगळ्यांना दिला. ज्याने त्याने आपापल्यापुढची फळी पुसून घेतली. श्रीरंगरावांनीही पुसली. आपली, आणि हात पुरेल तेवढी बायकोच्या पुढची.

त्यांच्या अंगात एक ऊब भरली होती. छाती हलकी झाली होती. बऱ्याच वर्षांत असं वाटलं नव्हतं. आणि त्याबरोबर डोक्यात वाक्यंही जुळू लागली होती. भिंत… काठ… मधली रेषा… साताऱ्यात हे सांगितलं तर सभागृह स्तब्ध होईल.

ते खुर्ची मागे सारून उठले. फादरपुढे हात जोडले.

"फादर, मला उमगलं. अगदी पूर्ण उमगलं. आता आज्ञा द्या, आम्ही निघतो. हे लोकांपर्यंत पोचवायला हवं."

टेबलावरची सगळी माणसं चकित होऊन त्यांच्याकडे बघू लागली. चुलीपाशी रोझीना दोन्ही हातांत एक मोठं झाकलेलं पातेलं धरून उभी होती. मंदाकिनीबाई जागच्या हलल्या नाहीत.

फादरनी टेबलावरून हात लांब करून श्रीरंगरावांची बाही धरली आणि हलकेच खाली ओढली.

"बसा," ते म्हणाले. "हे पहिलं वाढप होतं."