मागच्या बाकावरून

“मग चूक समोर दिसत असताना नुसतं बघत बसायचं का, सर?”

वैजयंतीबाई मगदूम यांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या पायातली एकच चप्पल निघाली होती. दुसरी अजून पायातच होती.

मुजावर सरांनी ओट्यावरची रिकामी खुर्ची पायाने जराशी पुढे सरकवली.

“बस की आधी.”

बाई बसल्या. बसल्या म्हणजे अंग टाकलं. शाळा सुटल्यावर तशाच आल्या होत्या, घरी न जाता. खांद्यावरची पर्ससुद्धा काढायचं त्यांना सुचलं नाही.

चित्रातल्या सफरचंदाला सावली कुठल्या बाजूने द्यायची, हे गावातल्या निम्म्या लोकांना मुजावर सरांनी शिकवलं होतं. पुढे कुणी किराणा दुकान टाकलं, कुणी एसटीत चिकटलं, कुणी ऊस लावला. सफरचंद काही कुणी पुन्हा काढलं नाही. पण सर रस्त्यात दिसले की सगळ्यांचे हात आपोआप खिशाबाहेर यायचे.

एका वैजयंतीने तेवढी चित्रकला धरून ठेवली. सरांच्या हाताखाली शिकली, बाहेर जाऊन डिप्लोमा करून आली आणि सर निवृत्त झाले तेव्हा त्याच शाळेत त्यांच्याच जागेवर लागली. आता केस पांढरे झाल्यावर ती मुख्याध्यापिका झाली होती. बढती मिळाली, मान मिळाला, आणि चित्रकलेची जागा रिकामी झाली.

ती जागा काही केल्या भरत नव्हती.

“किती जण आले?” सरांनी विचारलं.

“पुष्कळ आले. संस्थेने जाहिरातीत ‘कला आणि डिझाइन शिक्षक’ असं भारदस्त छापलंय ना. लांबून लांबून आले.”

“मग?”

“एकालाही मडकं येत नाही, सर.”

सरांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते कळलं नाही.

शाळेची पद्धत जुनी होती, सरांनीच घालून दिलेली. उमेदवाराने नववीच्या वर्गावर एक तास घ्यायचा. टेबलावर मडकं, एखादा कांदा, घडी घातलेला रुमाल. ते फळ्यावर काढून दाखवायचं आणि मुलांकडून काढून घ्यायचं. निवडणाऱ्याने मागच्या बाकावर बसून बघायचं.

बसून बघायचं, हेच बाईंना जमत नव्हतं.

उमेदवार मडक्याच्या तोंडापाशी आला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. तोंड असतं गोल, पण समोरून दिसतं लंबगोल, आणि त्या लंबगोलाच्या दोन्ही कडांना टोक येऊ द्यायचं नसतं. बहुतेक जण तिथेच फसतात. खडू कडेला पोचला, की बाई बाकावरून उठायच्या. दोन्ही रांगांच्या मधून तरातरा फळ्यापाशी जायच्या. “एक मिनिट हं,” म्हणायच्या, खडू हातात घ्यायच्या, आणि तोंड दुरुस्त करून परत जागेवर येऊन बसायच्या.

चांगल्या मनाने करायच्या. त्यात कुणाला कमीपणा द्यायचा हेतू कधीच नव्हता. आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर हेच तर करत आल्या होत्या.

“सगळ्यांचं दुरुस्त केलंस?” सर म्हणाले.

“चुकलेलं तेवढंच केलं.”

“म्हणजे सगळ्यांचं.”

“…हो.”

समोरच्या कडुनिंबाखाली एक बकरी उगाच उभी होती.

“आणि सिद्रामचं?”

बाईंनी चमकून वर पाहिलं. म्हणजे सरांपर्यंत गेलंच होतं तर. गाव लहान. बातमी माणसाच्या आधी पोचते.

सिद्राम हुक्केरी हा आलेल्यांपैकी शेवटचा. हडकुळा, लांब बोटांचा, त्रोटक बोलणारा. वर्गात आला, मडकं टेबलावर ठेवलं आणि मुलांना ते एकेकदा हातात धरून बघायला लावलं. गोंधळ झाला, पण मुलं खूश होती. मग त्याने फळ्यावर मडकं काढायला घेतलं. पोट छान उतरलं. गळाही उतरला. आणि तोंडाच्या उजव्या कडेला… टोक.

बाई उठल्या. फळ्यापाशी गेल्या. “एक मिनिट हं.”

सिद्रामने खडू दिला. बाईंनी तोंड काढलं. मागे वळून बघतात तो सिद्राम हातावरची खडूची पूड झाडत होता.

“मॅडम, वर्ग तुमचाच आहे,” तो म्हणाला. “तुम्हीच घ्या.”

आणि गेला. तोंड वाकडं न करता, दार न आपटता. तेच बाईंना जास्त लागलं होतं.

“पोरं हसली?” सरांनी विचारलं.

“हसली.”

“कुणाला?”

हा प्रश्न बाईंनी स्वतःलाही विचारला नव्हता.

“उद्या संस्थेची सभा आहे,” त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. “नाव दिलं नाही तर जागाच जाणार. अध्यक्ष म्हणाले, बाई, दोन वर्षं तुम्हाला माणूस सापडत नाही, म्हणजे गरजच नसेल. चित्रकलेच्या वर्गात बाकं टाकून गणिताचे जादा तास घेऊ. तो वर्ग, सर… तुमच्या वेळचा. भिंतीवरचे रंगाचे डाग अजून तसेच आहेत. मी पुसू दिले नाहीत कुणाला.”

“हं.”

“बाकीचे सगळे दुसरीकडे लागले. आता राहिला हा एकटा. आणि तो माझा फोन उचलत नाही. तुम्ही बोला ना त्याच्याशी. तुमच्याकडे येतो म्हणे चित्रं दाखवायला.”

“येतो कधी कधी.”

“कसा आहे?”

सरांनी खरंच विचार केला.

“चहा चांगला करतो,” ते म्हणाले.

एरवी बाई हसल्या असत्या. आज त्यांना रडू येईल असं वाटलं. दिवसभर कार्यालय, पालक, गळकी टाकी, आणि उद्याची सभा डोक्यावर. त्या इथे सल्ला घ्यायला आल्या होत्या. आणि सर चहाचं बोलत होते.

“तुम्ही सांगितलंत तर येईल तो. तुमचा शब्द नाही मोडणार.”

“काय सांगू?”

“सांगा की मडक्याचं तोंड चुकलं होतं म्हणून मी उठले. मनात दुसरं काही नव्हतं.”

“चुकलं होतं ते ठाऊक असणार की त्याला.”

“मग राग कसला आला?”

सर कडुनिंबाकडे बघत राहिले. बकरी गेली होती.

बाईंना आता राग आला. आपल्याच गुरूवर चिडावं, असं हे वय नव्हे, पण दमलेल्या माणसाला वय आठवत नाही.

“सर, तुम्ही मला निवडलंत तेव्हा मीही तास घेतलाच होता ना? याच नववीवर. तुम्ही मागच्या बाकावर होतात. एकदाही उठला नाहीत. का? कारण माझं मडकं बरोबर होतं. माझ्या मुलांना तसाच शिक्षक हवा म्हणून मी जीव काढते, तर त्यात माझं चुकलं काय?”

सर तिच्याकडे वळले. चष्म्याआडून त्यांनी तिला नीट बघितलं, पोरीला बघतात तसं.

“बरोबर कुठलं गं? तोंड कललं होतं. टोकही आलं होतं, दोन्हीकडं.”

“…माझं?”

“होय की.”

इतकी वर्षं बाईंनी ते मडकं मनात जपून ठेवलं होतं. वाईट दिवस आला की त्या ते आठवायच्या. सर मागे बसलेत, वर्ग चिडीचूप, आणि खडू एका दमात सरकत चाललाय. आता त्यांनी ते पुन्हा आठवून पाहिलं. दोन्ही कडांना टोकं होती. पूर्वीही असतील. दिसली नव्हती.

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“दमलो होतो,” सर म्हणाले.

एवढंच? सर खरंच दमलेले होते, आजही. गुडघ्यावर हात ठेवून बसलेला तो म्हातारा माणूस बाईंना एकदम फार म्हातारा दिसला. आपण येऊन नुसतं आपलंच दळण दळत बसलोय, ह्याची त्यांना लाज वाटली.

“हल्ली काही काढता का, सर?” त्यांनी विषय बदलला.

“काढतो. हात ऐकत नाही.”

सर उठले, आत गेले आणि एक कागद घेऊन आले. पुठ्ठ्यावर चिमटा लावलेला. बाईंच्या मांडीवर त्यांनी तो अलगद ठेवला.

पेन्सिलीचं काम होतं. सरांच्या पत्नी जुलेखाचाची तांदूळ निवडत बसल्या होत्या. मांडीवर सूप, डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला, मान किंचित खाली. सरांच्या घरी शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला चाचींनी काही ना काही खायला घातलं होतं. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं होतं. बाई मातीला आल्या होत्या, नंतर मात्र येणं झालंच नव्हतं.

“आठवून काढलं?”

“फोटो काढू द्यायची नाही ती. आठवूनच काढलं. रोज थोडं थोडं.” सर दारापाशी थांबले. “चहा टाकतो. फोनही आतच आहे, आणतो. बस तू.”

ते आत गेले. भांड्यांचा आवाज येऊ लागला.

बाई चित्राकडे बघत राहिल्या. रेष थरथरत होती. जागोजागी ती थांबली होती, पुन्हा सुरू झाली होती. सुपाच्या कडेवर हात घसरल्याची खूण होती. आणि डोळे… डोळे एका ओळीत नव्हते. डावा जरा खाली गेला होता. तेवढ्याने चाची चाचीसारख्या दिसत नव्हत्या, दुसरीच कुणी थकलेली बाई दिसत होती.

फार नाही. केसभर वर घेतला असता तरी पुरे.

सरांना दिसत नसणार बिचाऱ्यांना. मोतीबिंदू झालेत दोन्ही डोळ्यांत. रोज काढायचं, रोज झगडायचं, आणि नेमकं एवढ्यासाठी अडायचं…

पर्समध्ये पेन्सिल होती. खोडरबर होता. ते नेहमीच असायचे. मुख्याध्यापिका झाल्या तरी त्यांनी ते काढून ठेवले नव्हते.

दोन फटके खोडरबराचे. एक हलकी रेष पापणीची, एक बुबुळाची. मग बोटाने थोडीशी सावली. खूप दिवसांनी हात चालला होता आणि झकास चालला होता. बाईंना त्या क्षणापुरतं इतकं बरं वाटलं, की शाळा, सभा, अध्यक्ष, सगळं विसरायला झालं. त्यांनी पुठ्ठा लांब धरून पाहिला.

चाची. हुबेहूब चाची. आत्ता वर बघून म्हणतील, खाल्लंस का गं काही?

“झाला बघ चहा.”

सर एका हातात दोन कप आणि दुसऱ्यात फोन घेऊन बाहेर आले. कप त्यांनी कठड्यावर ठेवले. थोडा चहा बशीत सांडला. मग त्यांची नजर मांडीवरच्या चित्राकडे गेली.

बाईंच्या बोटात अजून पेन्सिल होती.

सरांनी पुठ्ठा उचलला. डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. पुन्हा जवळ आणला…

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. त्याचा आवाज वळणावर जाऊन थांबेपर्यंत सर तसेच उभे होते.

“सर, मी… तो डावा जरा…”

“बरोबर आहे,” सर म्हणाले. “ती अशीच होती.”

रागावले असते तर बाईंना सोपं गेलं असतं. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. कागदावर जिथे खोडरबर फिरला होता, तिथे त्यांनी अंगठा ठेवला, एखादी जागा चाचपावी तसा, आणि काढून घेतला.

बाईंना वाटलं, ओटा दुभंगावा आणि आपण आत जावं. सिद्राम हातावरची पूड झाडत उभा होता, तो त्यांना आत्ता पहिल्यांदा दिसला.

सरांनी पुठ्ठा परत त्यांच्या मांडीवर ठेवला. शेजारी फोन ठेवला. खाली, उजव्या कोपऱ्यात, कागदाच्या मोकळ्या जागेवर बोट टेकवलं.

“इथं सही कर.”

“सर…”

“कर.”

बाईंच्या हातातली पेन्सिल हलेना. डोळे भरून आले होते आणि चित्रातल्या चाची धूसर झाल्या होत्या.

“मी कशी करू, सर? चित्र तुमचं आहे.”

सर खुर्चीत बसले. बशीतला चहा त्यांनी कपात ओतला, सगळा, सावकाश.

“होतं,” ते म्हणाले. “लाव आता फोन त्याला.”