सातमाळ्याचा उतरलेला माळा

या डोंगराचं नाव सातमाळा. पण इथून पारावरून नीट पाहिलंत तर टप्पे सहाच भरतात. नवीन आलेले पाहुणे हसतात. म्हणतात, "गुरव, तुमच्या पूर्वजांना मोजता येत नव्हतं वाटतं." येत होतं. नाव ठेवलं तेव्हा माळे सातच होते. सातवा कुठं गेला, ते आमच्या गुरवांच्या घरात बापानं लेकाला सांगावं असा रिवाज आहे. मला माझ्या बापानं याच पारावर सांगितलं.

फार मागं या डोंगरावर अचळनाथ नावाचा जोगी येऊन राहिला, असं सांगतात. त्यानं सात माळ्यांवर सात गुंफा कोरवून घेतल्या आणि त्यांना सात लोकांची नावं दिली. पायथ्याशी भूलोक, त्यावर भुवर्लोक, स्वर्लोक, महर्लोक, जनलोक, तपोलोक आणि अगदी माथ्यावर सत्यलोक. माणूस मेल्यावर ज्या लोकांत जातो, ते जिवंतपणीच चढून जाता येतात, असं नाथाचं म्हणणं. एका गुंफेत बसायचं, तिथली साधना पुरी झाली की वरच्या गुंफेत जायचं. पाय डोंगर चढायचे आणि आतला जीव त्या त्या लोकात पोचायचा.

शिष्य पुष्कळ आले. बहुतेक तिसऱ्या माळ्यावरच अडकले. स्वर्लोकात मनात आणावं ते समोर उभं राहतं, म्हणे. अशी जागा सोडून कोण उठणार?

गावात येसाई नावाची कुंभारीण होती. एका साथीत तिचा नवरा आणि दोन्ही लेकरं आठ दिवसांत गेली. घरातलं चाक थांबलं. ती उठली, डोंगर चढली आणि नाथापुढं उभी राहिली. म्हणाली, "बाबा, मला मोक्षबिक्ष काही नको. माझी पोरं कुठं गेली, तेवढं दाखवा."

नाथ म्हणाला, "खालून दिसायचं नाही. चढ."

ती चढली. तिसऱ्या माळ्यावर तिला पोरं भेटली. धाकटी मांडीवर येऊन बसली, थोरला पाठीला बिलगला. येसाई तिथं तीन वर्षं बसून राहिली. मग एक दिवस तिच्या ध्यानात आलं की थोरला कधी हट्ट करत नाही. जिता होता तेव्हा तो तिची एक गोष्ट ऐकत नसे. आता मात्र ती मनात आणील तेवढंच बोलतो. ही माझी पोरं नव्हेत, ही माझी आस आहे, असं तिला कळलं. तिनं धाकटीला मांडीवरून उतरवलं, पोटभर रडली आणि वरची वाट धरली.

चौथ्या माळ्यावर आस जळाली. पाचव्यावर ती स्वतःचं नाव विसरली. सहाव्यावर, तपोलोकात, बाराव्या वर्षी तिला खरी पोरं सापडली. पण दोनच नव्हे. मिठाचा खडा पाण्यात विरावा तशी ती सगळ्या जीवांत विरलेली होती. कुणाकडंही पाहिलं तरी तीच दिसत. आता एकच माळा उरला होता.

सत्यलोकात पाऊल टाकण्याच्या दिवशी येसाईनं आधारासाठी कातळावर हात टेकला, आणि थबकली. तिनं बोटाच्या पेरानं कातळ वाजवून पाहिला. तडा गेलेलं मडकं कसं बद्द वाजतं, तसा डोंगर वाजला. बारा वर्षं झाली तरी कान कुंभारणीचाच होता.

"बाबा, माथा तडकलाय. हा गावावर येणार."

नाथ म्हणाला, "ते खालचं आहे. तू वर बघ. सहाव्यावरून जो मागं फिरतो, त्याला या जन्मी पुन्हा वाट नाही."

येसाई म्हणाली, "वर सगळं एकच आहे म्हणता ना? मग खालचं निराळं कसं झालं?" आणि ती उतरू लागली.

गावात पोचली तेव्हा भर दुपार होती. सोना नावाच्या लेकुरवाळीच्या घरी बारसं होतं, सगळं गाव तिथंच जमलेलं. जटा वाढलेली, हाडं दिसणारी ही बाई कुणी ओळखली नाही. ती ओरडून सांगत होती, "घरं सोडा, ओढ्यापलीकडं चला!" लोक म्हणाले, "जोगीण आहे, हिला वाढा आणि वाटेला लावा."

सांगून कुणी उठणार नाही, हे तिनं ओळखलं. ती सरळ आत शिरली, पाळण्यातलं बाळ उचललं आणि पळत सुटली.

"माझं बाळ नेलं!" सोनानं हंबरडा फोडला. मग काय, सगळं गाव मागं लागलं. बायका हातातल्या वाढायच्या पळ्या घेऊन, पुरुष काठ्या घेऊन. आजारी होते ते दुसऱ्यांच्या पाठीवर बसून शिव्या देत निघाले. येसाईनं ओढा ओलांडला, पलीकडच्या टेकडीवर चढली आणि थांबली. तिच्या पाठीत पहिली काठी बसली, तेवढ्यात मागं डोंगर गरजला. अख्खा सातवा माळा सुटून खाली आला. घरं गेली, दावणीची गुरं गेली. माणूस एकही गेलं नाही.

येसाईनं बाळ सोनाच्या ओटीत घातलं. येसाईच्या मागोमाग नाथही डोंगर उतरून आला होता. त्यानं सगळ्यांदेखत तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तो म्हणाला, "सत्यलोक कुठं असतो, ते मला आज कळलं." त्यानंतर त्यानं कुणाला वर चढवलं नाही. येसाईनं नवं चाक मांडलं आणि म्हातारपणापर्यंत मडकी केली. त्या कोसळलेल्या दगडांनीच गावानं ओढ्याच्या या बाजूला, टेकडीच्या अंगाला ही घरं बांधली. तुम्ही बसलात तो पारही त्यातलाच.

आजही आमच्याकडं बारशाला बाळाचं नाव ठेवण्याआधी ते पाळण्यातून चोरावं लागतं. सगळं गाव दारं उघडी टाकून चोरणारीच्या मागं धावत टेकडीपर्यंत जातं. हा मान लेकुरवाळीला नाही. जिला मूल नाही, किंवा जिचं मूल गेलं आहे, तिलाच तो मिळतो. इतर गावांत अशा बाईला पाळण्याजवळ फिरकू देत नाहीत. आमच्याकडं ती येईपर्यंत बारसं थांबतं.