वेदीवरची तलवार

युरोपातल्या एका डोंगराळ मुलखात बिशप लोथार हेच राजेही होते. रविवारी ते चर्चमध्ये शांतीचं प्रवचन द्यायचे आणि सोमवारी लढाईवर निघायचे. थकायची ती रयत.

तिसऱ्या लढाईचं फर्मान निघालं, तेव्हा गावातले तरुण चर्चमध्ये शिरले आणि वेदीपाशी बसून राहिले. वेदीच्या आश्रयाला आलेल्याला कुणी ओढून न्यायचं नाही, असा तिथला जुना कायदा होता. खुद्द बिशपच तो दरवर्षी वाचून दाखवत.

रविवारी रिवाजाप्रमाणे बिशपनी कमरेची तलवार वेदीवर ठेवली. प्रार्थना आटोपताच ते गरजले, "बिशप म्हणून मी तुम्हाला हात लावणार नाही. पण आता राजा म्हणून सांगतो, उठा! नाहीतर या तलवारीने उठवीन."

"थांबा, महाराज," पहिल्या बाकावरून म्हातारी वालबुर्गा म्हणाली. तिचे दोन मुलगे आधीच्या लढायांत गेले होते. तिसरा वेदीपाशी बसला होता. "त्या तलवारीला ओढू नका. तीही वेदीच्या आश्रयाला आलीय."

"लोखंडाला कसला आश्रय?"

"आमची पोरंही तुम्ही लोखंडासारखीच वापरलीत. पोरं दमली, तशी तलवारही दमली असेल."

कुणी हसलं नाही. सगळे बिशपच्या हाताकडे बघत होते. तो हात तलवारीपाशी बराच वेळ घुटमळला आणि रिकामाच मागे आला.

रिकामं म्यान घेऊन बिशप राजवाड्यावर परतले. लढाई झाली नाही. वालबुर्गा मात्र जागची उठली नाही. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच तिला तिथेच, बाकावर, गाढ झोप लागली होती.