घोंगडीतला हात

"ज्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही, त्याला मी सॅल्यूट का करायचा, बाबा?"

विचारणारे होते कर्नल विश्वजित शितोळे. टेकडीखालच्या छावणीतल्या पलटणीचे प्रमुख. मूळचे याच तालुक्यातले, त्यामुळे लेफ्टनंट होते तेव्हापासून मठात येत. जीप खाली ठेवायची, पायऱ्या चढायच्या, टोपी कठड्यावर ठेवायची आणि छडी मांडीवर घेऊन ओट्यावर बाबांसमोर बसायचं, हा त्यांचा शिरस्ता.

वेणुनाथबाबांनी घोंगडी सावरली. पौषातली दुपार होती. ओट्यावर ऊन होतं, तरी बाबांच्या खांद्यावर घोंगडी होतीच.

मी मठातला सेवेकरी, अंगण झाडत होतो. कोणी आवाज खाली आणला की मला तिथेच झाडलोट सुचते.

"कुणाला?" बाबांनी विचारलं.

"मंत्र्याला. उद्या येतोय. स्मारकाचं उद्घाटन आहे."

"त्यानं काय केलंय?"

"काय नाही केलं? जमिनी लाटल्या. कोर्टात खटले चालू आहेत. आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. आणि माझ्या पलटणीची मानवंदना घेणार."

"सॅल्यूट म्हणजे नेमकं काय करता रे तुम्ही? दाखव बघू."

शितोळेंनी कठड्यावरची टोपी डोक्यावर चढवली.

"टोपीशिवाय होत नाही," ते म्हणाले. "डोकं उघडं असलं की सॅल्यूट नाही. नुसतं ताठ उभं राहायचं."

मग उजवा हात भुवईशी गेला. रुबाबदार दिसले, खोटं कशाला बोलू.

"तळवा असा समोर कशाला?"

"हातात काही नाही, हे दिसावं म्हणून. आम्हाला शिकवताना उस्ताद तसं सांगायचे."

"बरं," बाबा म्हणाले.

शितोळेंनी टोपी काढली आणि ती हातात फिरवत हसले.

"मागच्या खेपेला हिनंच वाचवलं. मंत्री रांगेतून माझ्यापर्यंत आला आणि नेमकी तेव्हा मी टोपी काढली. घाम पुसायला. डोकं उघडं, मग कसला सॅल्यूट? नियमात बसतं सगळं."

"त्याला कळलं?"

"छे. त्यानं हात जोडले आणि पुढं गेला."

"मग कळलं कुणाला?"

"माझ्या जवानांना. आठवडाभर लंगरमध्ये जेवताना तोच विषय होता म्हणे."

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. मला ते ऐकून बरं वाटलं नाही. पण मला विचारतो कोण?

"आणि उद्या?" बाबा म्हणाले.

"उद्या घाम नाही, निमित्त नाही. टोपी डोक्यावर असेल आणि हात खाली राहील. सगळ्यांदेखत."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"तो चोर आहे म्हणतोस. मग लोक पाडतील त्याला."

"नाही पाडला तर?"

"तर पुढच्या निवडणुकीत पुन्हा बघतील. तुला कोण पाडणार?"

शितोळेंच्या कपाळावर आठी पडली. "मी कुठं निवडणुकीला उभा आहे?"

"तेच म्हणतोय."

...

खाली छावणीत कवायत चालली होती. हुकूम ऐकू येत होते, शब्द कळत नव्हते.

"बाबा, तुम्हाला वाटतंय तसा मी एकटा नाही," शितोळे म्हणाले. "अख्खी पलटण माझ्या मागं आहे. मी म्हणेन तसं करतील."

बाबांनी मान वर केली.

"पुन्हा म्हण."

"मी म्हणेन तसं करतील."

दुसऱ्यांदा म्हणताना आवाज जरा उतरला होता. माझा खराटा थांबला.

बाबांनी उजवा हात ओट्याच्या फटीजवळ टेकवला होता. तो त्यांनी हळूच घोंगडीत ओढून घेतला.

मी चहा आणून दिला. बाबांनी कप डाव्या हाताने घेतला. मग समोरच्या वाटीतली खडीसाखर उचलली आणि शितोळेंपुढे धरली. तीही डाव्या हाताने.

शितोळेंचा हात अर्ध्यावर थांबला. एवढ्या वर्षांत बाबांनी कुणाला डाव्या हाताने प्रसाद दिल्याचं मीही पाहिलं नव्हतं.

"डाव्या हातानं, बाबा?"

"उजवा गुंतलाय."

"कशात?"

"आहे काहीतरी."

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या ओट्याच्या फटींत विंचू निघतात. बाबा ते मारू देत नाहीत. नांगीशी अलगद धरतात आणि कुंपणापलीकडे सोडून येतात. शितोळेंनी हे अनेकदा पाहिलं होतं.

त्यांनी प्रसाद घेतला नाही. थोडे मागे सरकले.

"तर तू उद्याचं सांगत होतास," बाबा म्हणाले.

"हो... उद्या..."

पण शितोळेंचं लक्ष उद्यावर नव्हतं. घोंगडीची एक घडी हलत होती. श्वासाने हलत होती की आणखी कशाने, ते मलाही सांगता येईना. मला एरवी शितोळेसाहेबांचा संशय, साहेबांना मंत्र्याचा. त्या दुपारी आम्ही दोघंही बाबांकडे संशयाने बघत होतो.

"चहा घे. निवतोय."

"बाबा, हातात काय आहे?"

"काही नाही."

"मग बाहेर काढा ना."

"कशाला? माझ्यावर विश्वास नाही?"

"विश्वास आहे."

"किती वर्षं येतोस इथं?"

"लेफ्टनंट होतो तेव्हापासून."

"कधी दगा दिला मी तुला?"

"नाही."

"कधी खोटं बोललो?"

"नाही, बाबा."

"मी सांगतोय, हात रिकामा आहे. मग झालं तर."

बाबा जरा पुढे झुकले. घोंगडी शितोळेंच्या गुडघ्याला लागली. शितोळे ताडकन उठले. मांडीवरची त्यांची छडी आता मुठीत होती, आणि मूठ पांढरी पडली होती. लढाई पाहिलेला माणूस. समोर ऐंशीच्या घरातला म्हातारा. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"विश्वासाचा प्रश्न नाही," शितोळे म्हणाले. "समोर बसलेल्या माणसाचा हात दिसलेला बरा. एवढंच म्हणणं आहे माझं."

...

बाबांनी घोंगडी बाजूला केली. हात बाहेर आला. तो त्यांनी सावकाश वर नेला आणि तळवा शितोळेंपुढे उघडा धरला.

विंचू नव्हता. काहीच नव्हतं. सुरकुतलेला, रिकामा तळवा.

शितोळेंनी मोठ्याने श्वास सोडला. मग हसले. "काय बाबा, जीव टांगणीला लावलात माझा."

बाबा हसले नाहीत.

"माझ्याकडे तर काठीसुद्धा नव्हती."

शितोळेंचं हसू थांबलं. त्यांनी आपल्या मुठीकडे पाहिलं. छडी अजून तशीच आवळलेली होती. मग त्यांनी कठड्यापलीकडे, खाली छावणीकडे पाहिलं. तिथे पलटण एका आवाजासरशी वळत होती, एका आवाजासरशी थांबत होती.

चहावर साय धरली.

मग त्यांनी छडी ओट्यावर ठेवली. टोपी उचलली, डोक्यावर नीट बसवली. बाबांसमोर ताठ उभे राहिले. उजवा हात भुवईशी गेला, तळवा समोर.

बाबांनी वाटीतली खडीसाखर उचलली. उजव्या हाताने.

"मला कशाला? मला कुणी निवडून दिलंय?"