उंदरांचा कंप आणि काझी सरांची बशी

"सर, मग लिहून टाकू ना, की या औषधानं कंप थांबतो?"

धनराजला घाई होती. प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरले होते आणि त्यावर त्याची नोकरी अडली होती. पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्याच्याएवढा हुशार विद्यार्थी नव्हता. हे त्यालाही माहीत होतं, जरा जास्तच.

प्रयोग सोपा होता. बारा उंदरांना कंप सुटेल असं औषध टोचायचं. त्यातल्या सहांना आधी बीटा-ब्लॉकर द्यायचं, माणसांना रक्तदाबावर देतात तसलं. बाकीच्यांना नुसतं मिठाचं पाणी. मग कोण किती कापतो ते डोळ्यांनी पाहून शून्य ते तीन गुण द्यायचे.

बीटा-ब्लॉकरवाल्यांच्या शेपटीला धनराजनं लाल खूण केली होती. लाल शेपट्या जवळजवळ सगळ्या शून्यावर होत्या.

काझी सर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी चहाला रोज या प्रयोगशाळेतच येत. गुण कोणी दिले, असं त्यांनी विचारलं. मीच दिले, धनराज म्हणाला, माझी नजर चुकत नाही.

"आणि सर, हात कापतो म्हणून तुम्हीही रोज सकाळी हीच गोळी घेता की."

सरांनी कपबशी उचलून त्याच्यासमोर धरली.

"दे गुण."

"शून्य."

सरांनी दुसऱ्या हातानं खिशातून एक गोळी काढली आणि टेबलावर ठेवली.

"आजची. घ्यायची राहिली."



कप बशीत खुळखुळ वाजत होता. मघापासून वाजत होता. धनराजचं तोंड एवढंसं झालं.

सोमवारी त्यानं प्रयोग पुन्हा लावला. सुया सरांनी भरल्या, स्वतःची गोळी आठवणीनं घेऊन. कोणाला काय दिलं ती यादी त्यांच्याच खिशात राहिली. शेपट्यांवर नुसते आकडे होते. धनराज एकेका उंदरापुढे बसून राहिला, आणि पहिल्यांदाच त्याला गुण देताना वेळ लागला.

संध्याकाळी यादी उघडली. बीटा-ब्लॉकरवाले खरंच कमी कापले होते. थांबले मात्र नव्हते.

धनराजनं दोनदा बेरीज केली. कित्येक दिवसांनी त्याला मनापासून बरं वाटत होतं.

"कंप कमी होतो, सर. पण फरक आधीपेक्षा निम्मा झाला."

सरांनी बशीत चहा ओतला.

"निम्मा कुठं? उंदरांत होता तेवढाच आहे."